समिती शाखेतले घरमालक

स्वयंपाकघरातल्या नळाचा वायसर बदलून मिळायला आम्हाला सव्वा महिना लागला. काम पाच मिनिटांचं. नळवाला समोरच्याच गल्लीत राहायचा. पण आमचे घरमालक विधानभवनातून निवृत्त झाले होते, तेही समिती शाखेतून, आणि त्यांच्या घरात कुठलीच गोष्ट सरळ होत नसे.

कोन गावात, कल्याण-भिवंडी रस्त्यापासून जरा आत त्यांचं घर. खाली ते आणि काकू, वर भाड्याने आम्ही दोघं. नवरा टेम्पो चालवायचा, मी दापोड्याच्या एका गोदामात पॅकिंगला होते. राहायला आलो त्याच आठवड्यात मी खाली जाऊन सांगितलं, काका, नळ गळतोय. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला आणि म्हणाले, लेखी द्या. मला वाटलं थट्टा करतायत म्हणून मी हसले. ते हसले नाहीत. वहीच्या कागदावर लिहून दिलं. चार दिवसांनी कागद परत आला. वर लाल पेनाने शेरा होता: ‘कोणता नळ? वर तीन नळ आहेत.’ मी दुरुस्त करून पुन्हा दिला. मग काका, काकू आणि शेजारचे एक निवृत्त मास्तर असे तिघे जण वर येऊन नळ बघून गेले. मास्तर कशाला, असं मी काकूंना हळूच विचारलं.

“यांना तीन मानसं लागतात,” काकू म्हणाल्या. “दोघांत अर्धी-अर्धी मतं झाली तर काय करायचं, म्हणतात. माझं मत इचारत न्हाय कोन, पन मोजतात मातर.”

नळ बघून झाल्यावर काकांनी टिपण लिहिलं. त्या टिपणावर मास्तरांची सही राहिली, कारण मास्तर मुलीकडे बदलापूरला गेले होते. तोवर मी नळाखाली पातेलं लावत होते आणि रोज दोनदा ते ओतत होते. शेवटी नवऱ्याने स्वतःच वायसर आणून बसवला. दुसऱ्या दिवशी काका वर आले. रागावले नव्हते. एवढंच म्हणाले, की काम झालं ते चांगलंच, पण आता कागद बंद कसा करायचा हा प्रश्न आहे.

असा माणूस. त्यांच्या बोलण्यात गावाची भाषा औषधालाही नव्हती. सगळ्यांना ‘आपण’, ‘तुम्ही’. भाजीवालीलाही ‘आपल्याकडची मेथी’. लग्नाची पत्रिका आली की आधी लाल पेनाने तपासायचे आणि चूक सापडली तर लग्नाला जाऊन ती पत्रिका मुलाच्या बापाच्या हातात द्यायचे. त्यांचा धाकटा भाऊ गावातली मोठी असामी. वडिलोपार्जित शेतावर आणि पुढे वडप्यापर्यंत त्याने गोदामं बांधली होती. हा भाऊ काकांशी बोलत नव्हता. काकू सांगत, की जमिनीची वाटणी झाली तेव्हा वाटणीपत्रातल्या एका शब्दावरून काकांनी दोन वर्षं सही दिली नाही. शब्द काकांचाच बरोबर निघाला आणि त्याचा फायदाही भावालाच झाला. पण दोन वर्षं अडकवून ठेवल्याचा राग त्याच्या मनातून कधी गेला नाही.

पेपर आला की काका बातम्या वाचत नसत. आतल्या पानावरच्या जाहीर सूचना वाचायचे. कुठल्या विधेयकावर समिती बसली, लोकांकडून सूचना कधीपर्यंत मागवल्या, हे कात्रीने कापून वहीत चिकटवायचे आणि मग प्रत्येक विधेयकावर आपल्या सूचना टपालाने पाठवायचे. मासेमारीवर, सहकारी संस्थांवर, एकदा तर उंटांच्या वाहतुकीवरही. मी विचारलं, काका, आपल्याकडे उंट कुठाय? ते म्हणाले, उंट नसला तरी विधेयकात खंड तीन आहे, आणि तो चुकलेला आहे.

कायदा कसा होतो हे त्यांनी मला जिन्यात उभं करून समजावलं होतं. मी ड्युटीवरून आलेली, हातात भाजीची पिशवी, आणि हे सांगतायत. टीव्हीवर सभागृहात आरडाओरडा दिसतो ना, तिथे फक्त हात वर होतात. कायदा घडतो तो समितीच्या खोलीत. विधेयक मांडलं जातं, ते दोन्ही सभागृहांच्या सदस्यांच्या संयुक्त समितीकडे जातं. समिती लोकांना ऐकते, मग एकेक कलम घेऊन बसते, शब्द बदलते, अहवाल देते. मग ते परत सभागृहात येतं. “सभागृहात हेतू असतो,” ते म्हणाले. “हेतू सगळ्यांचेच चांगले असतात. शब्द कुठे आहेत ते बघायचं.” माझ्या पिशवीतली पालेभाजी तोवर मान टाकून होती.

मग आमच्या गोदामात ती घटना घडली.

दुपारची वेळ होती. माल उचलणाऱ्या गाड्यांच्या बॅटऱ्या जिथे चार्जिंगला लावतात तिथे ठिणगी उडाली आणि शेजारच्या खोक्यांनी पेट घेतला. आग मोठी नव्हती, पण धूर असा की हात लांब केला तर पंजा दिसेना. आम्ही बायका मागच्या बाजूला होतो. मागे दार होतं. त्याला बाहेरून कुलूप होतं. माल चोरीला जातो म्हणून कंत्राटदाराचा माणूस रोज ते लावायचा, आणि किल्ली खिशात घालून तो जेवायला गेला होता. मग सगळ्या जणी पुढच्या शटरकडे धावल्या. त्या रेटारेटीत माझ्या शेजारच्या टेबलावरची सुनंदा खाली पडली आणि तिच्या पायावरून माणसं गेली. घोट्याची हाडं मोडली. ती आजही पाय ओढत चालते.

नंतर चौकशी झाली. गोदामाचा मालक म्हणाला, मी जागा भाड्याने दिली, आत काय चालतं मला माहीत नाही. भाड्याने घेणारी कंपनी म्हणाली, कामगार आमचे नाहीत, कंत्राटदाराचे. कंत्राटदार म्हणाला, दार माझं नाही, इमारत मालकाची. तिघेही खरं बोलत होते आणि सुनंदा प्लास्टरमध्ये पडून होती.

मी घरी येऊन काकूंजवळ रडले. काका दारात उभे राहून ऐकत होते. मला वाटलं, दोन शब्द बोलतील. त्यांनी विचारलं, “कुलूप नेमकं कोणाच्या मालकीचं होतं?” त्या दिवशी मला त्यांचा जो संताप आला तो सांगता येत नाही. मी तशीच वर निघून गेले.

पुढच्या वर्षी गोदामातल्या कामगारांच्या सुरक्षेचं विधेयक आलं आणि समितीकडे गेलं. काका कात्रण घेऊन जिना चढून आले. गुडघे दुखायचे म्हणून ते कधी वर येत नसत, नळाच्या वेळी आले तेवढेच. त्यांनी कलम वाचून दाखवलं. ‘गोदामाच्या मालकाने कामाच्या वेळेत बाहेर जाण्याचे किमान दोन मार्ग उपलब्ध ठेवावेत.’ मी म्हटलं, चांगलं आहे की.

“तुमच्या गोदामात दोन मार्ग होते,” ते म्हणाले. “दोन्ही उपलब्ध होते. एकाला कुलूप होतं.”

मग त्यांनी मालक या शब्दावर बोट ठेवलं. भिवंडीत जागा एकाची, धंदा दुसऱ्याचा, माणसं तिसऱ्याची. मालक लिहिलंत की उरलेले दोघे मोकळे. काय लिहायला हवं हे त्यांच्याकडे तयार होतं: मालक, भाडेकरू आणि कंत्राटदार यांपैकी प्रत्येकाने, आतून किल्लीशिवाय उघडता येईल असं दार. पण नुसते शब्द पाठवून उपयोग नाही, साक्ष हवी. आत अडकलेल्या बाईची, सहीनिशी.

घरात मोठं भांडण झालं. नवरा म्हणाला, सही केलीस की कंत्राटदार दुसऱ्या दिवशी गेटवरूनच परत पाठवेल. खोटं नव्हतं. मी काकांना म्हटलं, नाव न घालता पाठवते. निनावी पत्र नोंदीवर घेत नाहीत, ते म्हणाले. मी म्हटलं, तुमचं काय जातंय, तुम्हाला पेन्शन आहे. त्यावर ते खाली गेले आणि दुसऱ्या दिवशी कोरा कागद घेऊन परत आले.

शेवटी सुनंदा म्हणाली, माझा पाय गेलाच आहे, मी करते सही. मग मला मागे राहणं जमेना.

त्या निवेदनाचे आठ खर्डे झाले. आठ. मी लिहायचे आणि काका खोडायचे. ‘आम्ही जिवाच्या आकांताने ओरडत होतो’ यावर काट. ‘देवाच्या कृपेने वाचलो’ यावर काट. घाबरलो हे कोणत्या कलमाखाली येतं, असं त्यांनी मला शांतपणे विचारलं तेव्हा मी पेन फेकून दिलं. ते उचलून त्यांनी टोपण लावलं आणि दाराची उंची किती होती ते विचारलं. कुलूप दाराच्या कोणत्या बाजूला, किल्लीवाला माणूस किती लांब होता, परत यायला किती वेळ लागला. शेवटी एका पानात एवढंच उरलं: कुठे, कधी, कोणतं दार, कोणाची किल्ली. मी ते वाचलं आणि मला माझीच भीती वाटली. रडण्याचे सगळे शब्द काढून टाकल्यावर ते जास्त भयंकर दिसत होतं. हे मात्र मी त्यांना सांगितलं नाही.

समितीने आम्हाला साक्षीला बोलावलं. सुनंदाला कुबड्यांवर घेऊन मी आणि काका विधानभवनात गेलो. अकराची वेळ दिली होती, दोनपर्यंत बाहेर बाकावर बसलो. काकांनी इस्त्रीचा पांढरा सदरा घातला होता. जाणारे-येणारे शिपाई त्यांना ओळखून नमस्कार करत होते. मला वाटलं होतं ते खूश असतील. पण ते मांडीवर हात ठेवून समोरच्या बंद दाराकडे बघत बसले होते.

मग कधी नव्हे ते स्वतःहून बोलायला लागले. नोकरीतली गोष्ट. निराधार बायकांच्या मदतीचं विधेयक समितीत होतं. दोन दाखल्यांपैकी कुठलाही एक चालेल असा सगळ्यांचा हेतू होता, पण मसुद्यात ‘किंवा’च्या जागी ‘आणि’ पडला होता. काका तेव्हा सदस्यांच्या मागे कागद घेऊन बसायचे. त्यांनी ते पाहिलं. पण कर्मचाऱ्याने समितीत विचारल्याशिवाय बोलायचं नसतं. त्यांनी चिठ्ठी लिहून पुढे दिली. वाचायच्या आधीच त्या चिठ्ठीवर कोणीतरी चहाचा कप ठेवला आणि कलम मंजूर झालं. तो शब्द दुरुस्त व्हायला चार वर्षं लागली. तोवर बायका दुसऱ्या दाखल्यासाठी हेलपाटे घालत राहिल्या. त्यातली एक त्यांच्याच गावची होती.

“म्या बघितला व्हता तो शब्द,” काका म्हणाले. “म्या बघितला व्हता आनि गप बसलो.”

त्यांच्या तोंडून गावची बोली मी पहिल्यांदाच ऐकली. तेवढ्यात आमचं नाव पुकारलं.

आत लांबलचक टेबल. अर्ध्या खुर्च्या रिकाम्या. काकांना मागे भिंतीला लागून बसवलं, कारण साक्षीदार आम्ही होतो. पाच मिनिटं दिली होती. सुनंदाला बोलताच येईना, म्हणून ते एक पान मी वाचलं. एका सदस्यांनी मोबाइलवरून मान वर करून विचारलं, मागे दार नव्हतं का?

“होतं साहेब,” मी म्हटलं. “उपलब्ध होतं. किल्ली उपलब्ध नव्हती.”

त्यांनी मोबाइल उलटा करून टेबलावर ठेवला. अध्यक्ष बाईंनी विभागाच्या अधिकाऱ्याकडे पाहिलं आणि कलम पुन्हा वाचायला सांगितलं. मी मागे वळून बघितलं. काका मान खाली घालून बसले होते, कोणी न विचारता बोलायचं नाही अशा बेताने, ओठ घट्ट मिटून.

बाहेर आल्यावर मला वाटलं, आता काकूंना सगळं सांगेन. तर काका म्हणाले, समितीतलं बोलणं अहवाल सादर होईपर्यंत गोपनीय असतं. घरी काकू चहा घेऊन वाट बघत बसल्या होत्या. काय झालं, विचारलं. काका म्हणाले, सांगता येणार नाही. काकूंनी तो चहा परत आत नेला आणि मला स्वयंपाकघरात बोलावून घेतलं. मी सगळं सांगितलं. एवढी अवज्ञा मी केली.

पुढे वाट बघणं सुरू झालं. अधिवेशन आलं की समितीला मुदतवाढ. परत अधिवेशन, परत मुदतवाढ. काका जिन्यात उभे राहून, मुदतवाढ मिळाली बरं का, असं सांगायचे, जणू पेढे वाटायची बातमी आहे. शेवटी अहवाल आला. काका कुठून तरी त्याची प्रत घेऊन आले. कलमात शब्द बदलले होते. प्रत्येकाने. आतून किल्लीशिवाय. आमचेच शब्द, छापलेले. त्यांनी मला ते तीनदा वाचायला लावलं आणि मीही मुकाट्याने वाचलं.

त्याच अहवालाच्या शेवटी साक्षीदारांची यादी होती. माझं नाव, गाव, कामाचं ठिकाण. ती कंत्राटदारापर्यंत कशी पोचली कोण जाणे. आठ दिवसांत गेटवर सांगितलं, तुमचं काम नाही. कारण विचारलं तर म्हणाले, माल कमी आहे.

मी म्हटलं ठीक आहे, निदान कायदा होईल. पण ते विधेयक काही सभागृहात चर्चेला आलंच नाही. आज येईल, उद्या येईल करता करता मुदत संपली, विधानसभा विसर्जित झाली, निवडणूक लागली. काकांनी वर येऊन सांगितलं, की विधेयक व्यपगत झालं. मी विचारलं, म्हणजे काय? म्हणाले, म्हणजे नव्हतंच असं धरायचं. नवीन सभागृह, नवीन विधेयक, पुन्हा पहिल्यापासून.

त्या दिवशी मी त्यांना सोडलं नाही. नळापासून सगळं काढलं. मी म्हटलं, तुमच्या शब्दांनी काय झालं? दार होतं तिथेच आहे, कुलूप होतं तिथेच आहे, फक्त मी घरी बसले. यादीत नाव छापतात हे तुम्हाला ठाऊक होतं. तीस वर्षं त्याच शाखेत होतात. मला सांगितलं का नाहीत?

ते जिन्याचा कठडा धरून उभे होते. मग म्हणाले, “ते माझ्या लक्षात यायला हवं होतं.” आणि एकेक पायरी उतरत खाली गेले. त्यांना हरलेलं मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं, आणि खरं सांगते, मला त्याचं बरं वाटलं.

दोन महिन्यांनी आम्ही ती खोली सोडली. नवऱ्याला वडप्याहून रोजची फेरी मिळाली होती, तिकडेच जागा घेतली. निघताना काकू गळ्यात पडल्या. काका आतच होते.

वर्षभराने मला वडप्याच्याच एका गोदामात काम लागलं. पहिल्या दिवशी सवयीने मी आधी मागचं दार शोधलं. दाराला आतून आडवा लोखंडी दांडा होता. ढकलला की उघडेल असा. मी ढकलला. उघडलं. बाहेर ऊन होतं आणि ट्रक उभे होते. मी तशीच उंबऱ्यात उभी राहिले, तेव्हा सुपरवायझर आला. बिहारचा होता, वीस वर्षं इथेच काढलेला. हे दार कोणी बसवलं, मी विचारलं.

“मत पूछो,” तो म्हणाला. “मालिक का बड़ा भाई है, कोन गाँव का. चार लाइन के लिए आठ दिन ऑफिस में बैठा रहा.”

मग त्याने उरलेलं सांगितलं. तो म्हातारा कापडी पिशवी घेऊन रोज दहाला ऑफिसात यायचा आणि पाचला उठायचा. मालक त्याच्याशी बोलत नव्हता, म्हणून मॅनेजरसमोर बसायचा. म्हणणं एकच: गोदाम भाड्याने देतानाच्या करारात या चार ओळी घाला. मॅनेजरने टोलवलं, भाडेकरू कंपनीच्या वकिलाने वाद घातला. म्हाताऱ्याने त्या वकिलाकडून चार ओळींचे सहा खर्डे करून घेतले. आठव्या दिवशी मालक केबिनमधून बाहेर आला, भावासमोर उभा राहिला आणि मॅनेजरला म्हणाला, याला पाहिजे ते लिही आणि याला घरी सोडून ये. त्याच्या सगळ्याच गोदामांच्या करारात आता त्या ओळी आहेत. दार उघडत नसेल तर करार मोडतो.

कधीची गोष्ट, मी विचारलं. त्याने हिशेब लावून सांगितलं. आमचं जिन्यात भांडण झालं त्याच्या पुढच्याच आठवड्यातली.

पुढच्या सुट्टीला मी कोनला गेले. काका ओसरीवर पेपर घेऊन बसले होते. वाळले होते. नवं विधेयक आलंय, त्यांनी मला बघताच सांगितलं, जणू मी कालच गेले होते. मी म्हटलं, काका, तुम्ही भावाकडे गेला होतात. ते म्हणाले, त्याला काही अर्थ नाही. करार दोघांपुरता असतो, मुदत संपली की संपला, उद्या दुसऱ्या मालकाच्या गोदामात तुम्ही गेलात तर तिथे तो लागू नाही. कायदा तो कायदा. मला आभार मानायचे होते आणि हा माणूस मला मानू देत नव्हता. माझं डोकं पुन्हा तापायला लागलं.

“दार उघडतं काका,” मी मोठ्याने म्हटलं.

त्यांनी पेपर खाली ठेवला. “स्वतः उघडून पाहिलंत?”

“रोज उघडते. जेवायला आम्ही सगळ्या जणी त्याच दारातून बाहेर बसतो.”

किती जणी, त्यांनी विचारलं. मी सांगितलं. त्यांनी मान हलवली, चष्मा काढून घडी करून खिशात ठेवला आणि आत गेले. मी काकूंशी बोलत बसले. जेवणं झाली. निघायच्या वेळी निरोप घ्यावा म्हणून आत डोकावले, तर काकूंनी ओठांवर बोट ठेवलं.

“झोपलेत,” त्या म्हणाल्या. “लग्नाला चाळीस वर्षं झाली ग पोरी. या मानसाला दुपारचं झोपलेलं मी आज पैल्यांदा बघते.”